डोलकाठीखालची पुतळी

"आधी ते लिंबू खाली ठेव!" आबासाहेब गरजले. "मंडळाच्या टेबलावर लिंबू कापायचं नाही, सांगून ठेवतो."

सुरी हातात धरून मी तशीच उभी. कार्यकारिणीची बैठक भरली होती आणि निम्मे सभासद खुर्च्या सरकवून दाराकडे झाले होते. खजिनदारांचा हात गळ्यातल्या ताइताकडे गेला होता.

"अहो, प्रयोग आहे हा," मी म्हटलं. "शाळेत माझी सातवीतली मुलं करतात. लिंबात एकीकडे तांबं खोचायचं, दुसरीकडे ॲल्युमिनियम. दोघांमधून वीज वाहते. या मीटरचा काटा हलताना दिसेल तुम्हाला."

"अमावास्या कधी झाली रे?" कोणीतरी शेजाऱ्याला विचारलं.

"काल."

"झालं मग!"

माझे यजमान दिगंबर या मंडळाचे चिटणीस. बायको आणि अध्यक्ष यांच्यात सापडलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते त्यांच्याकडे बघून कळत होतं. "उल्का, घरी जाऊन कर ना प्रयोग," ते पुटपुटले. "घरी चालतं लिंबू."

"घरी काय डोलकाठी पडलीय?" मी म्हटलं.

आता डोलकाठीची ही भानगड काय ते सांगते, म्हणजे तुम्ही तरी लिंबाला घाबरायला नको.

आमचं हरणवेळ हे खाडीकाठचं गाव. समोरच्या काठावरच्या गावाला चांगलं नाव आहे, पण आम्ही त्याला नुसतं 'पलतड' म्हणतो. त्यांचं नाव घेतलं की आमच्या तोंडाची चव जाते. दर पौषात दोन्ही गावांच्या शिडाच्या होड्यांची शर्यत लागते. आमच्या मंडळाच्या होडीचं नाव 'रणरागिणी'. नाव असं दणदणीत, पण तिच्या सुकाणूला बाईचा हात कधी लागला नव्हता. तो लागला माझा. माझे वडील तांडेल होते. मी पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी शिडाच्या दोऱ्या ओढल्यात. चाचणीच्या दिवशी मी मंडळातल्या सगळ्या मिशाळांना मागे टाकलं, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला.

त्याच वर्षी होडीला मुंबईहून ॲल्युमिनियमची नवी डोलकाठी आली. जुनी सागवानाची होती, ती आमच्या आजोबांच्या वयाची. आमच्याकडची रीत अशी, की डोलकाठी उभी करायच्या आधी होडीच्या पोटातल्या खोबणीत तांब्याचं नाणं ठेवायचं आणि त्यावर तिचं बूड टेकवायचं. नाण्याशिवाय डोलकाठी म्हणजे तुळशीशिवाय नैवेद्य. नव्या डोलकाठीसाठी आबासाहेबांनी स्वतःच्या देव्हाऱ्यातली शिवराई काढून आणली. ताशा लावला, नारळ फोडला आणि नाणं स्वतःच्या हातानं खोबणीत बसवलं. आबासाहेब घोसाळकर म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. आंब्याचा कारखाना, दोन पेट्रोल पंप, आणि तांब्यावर अपार श्रद्धा. पाणी प्यायचे ते तांब्याच्या भांड्यातलं, मनगटात तांब्याचं कडं, कमरेला तांब्याची साखळी. संधिवात मात्र जाता जात नव्हता. त्यावर ते म्हणायचे, "तांबं आहे म्हणून एवढ्यावर भागतंय."

डोलकाठीला दोन्ही अंगांनी तारांचे ताण असतात, मांडवाला दोऱ्या असतात तसे. त्या तारा मी दर आठवड्याला स्वतः आवळत होते आणि दर आठवड्याला त्या ढिल्या पडत होत्या. मी चक्रावून गेले. वडिलांच्या बरोबर आयुष्य काढलेले हिरूकाका शीड सांभाळायला माझ्यासोबत असायचे. ते म्हणाले, "नवी आहे गं, अंग सोडतेय. नव्या चपला नाही का सैल होत?" मीही म्हटलं, असेल.

शर्यतीच्या दिवशी मी पलतडच्या पुढे होते. खाडीत रोवलेला वळणाचा बांबू ओलांडला, खारा वारा भरभरून आला, आणि एकदम पायाखाली काहीतरी कुरकुरलं. डोलकाठी जागच्या जागी खचली, तारा लोंबल्या, आणि सगळं शीड आडवं होऊन खाडीत पडलं. पलतडचे लोक आमच्या शेजारून शिट्ट्या वाजवत गेले. एकानं शहाळ्यातली मलई दाखवून खाल्ली. मी ती मलई अजून विसरलेले नाही.

काठाला लागायच्या आतच निकाल लागला होता. तारा आवळल्या नाहीत. बाईमाणसाच्या मनगटात किती जोर असणार. "नावातच उल्का," आबासाहेब म्हणाले, "वरून खाली पडणारच."

मी रडले. उगाच खोटं कशाला सांगू, घरी जाऊन मोरीत नळ सोडून रडले. शर्यत हरल्याचं एवढं नव्हतं. ज्या तारा मी हाताला घट्टे पडेपर्यंत आवळल्या त्याच ढिल्या ठेवल्या म्हणून गाव मला हसत होतं, ते सोसवेना.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच होडीवर गेले. पडलेल्या डोलकाठीचं बूड बघितलं आणि थक्क झाले. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं ते विरघळलं होतं. कडा खाल्लेल्या, आत पांढरी भुकटी. बोट लावलं की गळत होती. आणि खोबणीत साचलेल्या खाऱ्या पाण्यात आबासाहेबांची शिवराई अशी चकचकीत, की जणू कोणी आत्ताच चिंचेनं घासून ठेवलीय.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन वेगळ्या जातीचे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकून ठेवले की त्यांची बॅटरी होते. एक जण बसल्या जागी तजेलदार राहतो आणि दुसरा त्याच्यापायी झिजून जातो. हे समजवायला लिंबाचीसुद्धा गरज नव्हती खरं तर. मंडळातल्या कुठल्याही सभासदाचं घर दाखवलं असतं तरी चाललं असतं. लाकडाला तांब्यानं काही होत नाही, म्हणून आजोबांच्या काळात रीत सुखानं नांदली. ॲल्युमिनियमला मात्र त्या एका नाण्यानं पोखरलं. डोलकाठी खालून झिजायची, खचायची, म्हणून तारा ढिल्या पडायच्या. आणि मी त्या आवळून तिला आणखी नाण्यावर दाबत होते.

म्हणून त्या दिवशी मी लिंबू घेऊन बैठकीला गेले होते.

लिंबू काही मला कापू दिलं नाही. मग मी शिवराईच टेबलावर ठेवली. "हे नाणं बघा आणि डोलकाठीचं बूड बघा. बूड कोणी खाल्लं?"

आबासाहेबांनी नाणं उचललं. डोळ्यांजवळ नेलं. त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

"बघा!" ते सगळ्यांना म्हणाले. "बघा हो! वर्षभर खाऱ्या पाण्यात राहिलंय, पण तेज बघा! घरी देव्हाऱ्यात काळं पडलं होतं हे. साक्षात जागृत झालंय!"

नाणं हातोहात फिरलं. खजिनदारांनी डोळ्यांना लावलं.

"आबासाहेब, ते जागृत नाही झालं, त्यानं डोलकाठी खाल्ली," मी म्हटलं.

"एवढंसं नाणं एवढी मोठी डोलकाठी खातं?" ते हसले, आणि ते हसले म्हणून सगळे हसले. "अगं बाई, ॲल्युमिनियम हलकट धातू. त्याला बळ कमी पडलं. नाणं लहान पडलं. आपण आता मोठं तांबं घालू."

"मोठं?"

"चांगला बशीएवढा पत्रा. त्यावर यंत्र कोरून घेऊ. आणि सुकाणूला या वेळी पुरुष माणूस."

पुरुष माणूस म्हणजे कोण, तर त्यांचे पुण्याचे जावई प्रतापराव. योगायोगानं ते अधिक महिन्याचं वर्ष होतं. लोक जावयाला अधिकाचं वाण म्हणून अनारसे देतात, आबासाहेबांनी सुकाणू दिलं. ठराव एकमतानं झाला. मी दिगंबरांकडे बघितलं. ते ठराव लिहून घेण्यात गढले होते.

"तुम्ही तरी बोलायचं होतं," घरी आल्यावर मी म्हटलं.

"मी बोललो असतो तर ठराव बहुमतानं झाला असता. तुझा काय फायदा?" ते म्हणाले. माणूस वाईट नाही, पण असा आहे.

तर नवी डोलकाठी आली, तिच्या खाली बशीएवढा तांब्याचा पत्रा गेला आणि सुकाणूवर प्रतापराव बसले. पांढरी टोपी, काळा चष्मा, पांढरे बूट. पुण्यात त्यांनी तळ्यातल्या बोटी चालवल्या होत्या, तासाच्या भाड्यावर. खाडीत भरती-ओहोटी असते ही त्यांना नवी बातमी होती. आणि मला काम मिळालं लाउडस्पीकरवर शर्यतीचं वर्णन करायचं. "बाईचा आवाज गोड असतो," आबासाहेब म्हणाले. म्हणजे बाईनं होडी हाकायची नाही, दुसरा कशी हाकतो ते गोड आवाजात सांगायचं.

मला सगळ्यात काळजी होती ती हिरूकाकांची. शीड सांभाळणारा बसतो तो डोलकाठीच्या बुडाशी. तांब्याचा आकार वाढला म्हणजे झीजही वाढणार, आणि डोलकाठी कधी पडणार एवढाच प्रश्न होता.

"काका, तुम्ही जाऊ नका," मी त्यांना धक्क्यावर गाठून सांगितलं. "खालून पोखरलीय ती."

"तारा ढिल्या पडतायत खऱ्या," ते म्हणाले. "पण मी नाही गेलो तर जावईबापूंना घेऊन कोण येणार परत? त्यांना शीड कुठलं आणि टॉवेल कुठला ते कळत नाही गं."

"मग निदान बुडाशी बसू नका."

"मग बसू कुठे? जावयाच्या मांडीवर?"

ते गेले.

मांडवात पहिल्या रांगेत आबासाहेब, त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी माई, आणि बाजूला माइक घेऊन मी. माई म्हणजे शांत बाई. चारचौघांत त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या गळ्यात पुतळ्यांची माळ असायची, माहेरची. सोन्याच्या गोल चकत्या, प्रत्येकीवर लक्ष्मी. बोलायच्या ऐवजी त्या माळेवरून बोटं फिरवत बसायच्या.

वळणाच्या बांबूपर्यंत मी छान गोड बोलले. मग वारा भरला, आणि मला दुरून दिसलं की वाऱ्याआडच्या तारा नुसत्या फडफडतायत, कपडे वाळत घालायच्या सैल दोरीसारख्या. म्हणजे डोलकाठी खाली बसली होती.

"हिरूकाका!" मी माइकमध्ये ओरडले. सगळा काठ दणाणला. "शीड सोडा! सोडा आणि मागे व्हा! आत्ता!"

आबासाहेबांनी माझ्या हातातून माइक हिसकावला. "बाई घाबरल्या आहेत," ते लाउडस्पीकरवर म्हणाले, "खेळाडूंनी कृपया लक्ष देऊ नये."

पण हिरूकाकांनी दिलं. दोरी सोडली आणि सरपटत मागे गेले. जावईबापू त्यांच्यावर ओरडताना दिसत होते. तेवढ्यात डोलकाठी आली खाली, हिरूकाका बसले होते बरोब्बर त्या फळीवर. फळीचे दोन तुकडे झाले. प्रतापराव शिडाखाली गडप झाले आणि मच्छरदाणीत सापडलेल्या मांजरासारखे आतल्या आत धडपडत राहिले. पांढरी टोपी पलतडच्या दिशेनं तरंगत गेली. ती पलतडकरांनी ठेवून घेतली, अजून त्यांच्या मंडळात खुंटीला आहे म्हणे.

हिरूकाका काठावर आले ते थेट माझ्याकडे. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, थेट तुझ्या बापाची हाक मारलीस. कान आधी वळले, मी मागाहून." मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

आता तरी डोळे उघडतील की नाही? बूड पार भुसभुशीत झालेलं, पत्रा आरशासारखा लखलखतोय. पुन्हा बैठक. पत्रा टेबलावर. आबासाहेबांनी तो उलटापालटा करून बघितला. जावई मरता मरता वाचला होता, त्यामुळे आवाज उतरला होता. मला खरंच वाटलं, आता हे विचारणार, उल्का, तू काय म्हणत होतीस ते सांग.

"तांबं भेसळीचं निघालं," आबासाहेब म्हणाले.

"हल्ली शुद्ध मिळतंच कुठे," खजिनदार म्हणाले.

"आता सोनंच. सोन्यात भेसळ नको म्हणून घरातलं. आमच्या हिच्या माळेतली एक पुतळी देतो मी."

मी कपाळावर हात मारून घेतला. तांब्यानं वर्ष घेतलं होतं, सोनं त्याहून जहाल. आणि कोणीतरी दबकत म्हणालं, "माईंना विचारायला हवं ना?"

"तिला काय विचारायचं?" आबासाहेब म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

"पण या वेळी होडीत बसणार कोण?" दिगंबरांनी विचारलं.

प्रतापरावांना पुण्यात ताप आला होता आणि तो शर्यतीपर्यंत उतरणार नाही असं त्यांनी आधीच कळवलं होतं. मिशाळांपैकी एकाची कंबर धरली, एकाच्या घरी लग्न निघालं, एकाला अचानक पोहता येत नसल्याचं आठवलं. सोन्यावर श्रद्धा सगळ्यांची, पण सोन्याच्या वर बसायला कोणी तयार नाही.

"मी बसते," मी म्हटलं.

माना वळल्या.

"एका अटीवर. पुतळी खोबणीत मी बसवणार. शास्त्रानं."

"बाईच्या हातून?" खजिनदार म्हणाले.

"सोनं म्हणजे कोण? लक्ष्मी. पुतळीवर छाप कोणाचा? लक्ष्मीचा. घरात लक्ष्मी कोणाच्या पावलानं येते? खजिनदारांच्या?" मी विज्ञान सोडून दिलं होतं. ते त्यांना पचत नव्हतं, म्हणून त्यांचंच ताट त्यांच्यापुढे केलं. "आणि होडीचं नाव रणरागिणी. दोनदा तिच्यावर संकट आलं, कारण तिची ओटी कधी कोणी भरलीच नाही. आधी ओटी, मग पुतळी. आणि ओटी भरताना तिथे पुरुष थांबतात का कधी?"

आबासाहेबांनी मान डोलवली. "मुद्दा बरोबर आहे हिचा," ते म्हणाले. माझा मुद्दा बरोबर असल्याचं त्या माणसानं आयुष्यात एकदाच कबूल केलं, आणि नेमका तोच मी मनानं रचलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी माईंकडे गेले. त्या विळीवर भोपळा चिरत बसल्या होत्या.

"माझी पुतळी मागितलीय म्हणे," त्या म्हणाल्या. "मला स्वयंपाकीणबाईनं सांगितलं. झिजेल का गं ती खाली?"

"पुतळी नाही झिजणार, माई. डोलकाठी झिजेल. सोनं तसंच राहील आणि मी जाईन पाण्यात." मग मी त्यांना सगळं सांगितलं. दोन धातू, खारं पाणी, एक सुखात आणि एक झिजतो.

त्यांनी भोपळ्याची फोड बाजूला ठेवली. "म्हणजे एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. एवढंच ना? आपण तापल्या पातेल्याखाली आडणी ठेवतो तसं काहीतरी मध्ये ठेव की."

"तेच ठेवायचंय. लाकूड भिजून कुजेल. रबर दबतं. जाड, टणक प्लॅस्टिक हवं."

माई उठल्या. फळीवरून एक पांढरी जाडजूड वस्तू काढून त्यांनी माझ्या मांडीत टाकली. भाजी चिरायचा प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड. "जावयानं दिवाळीला आणला. यावर भाजी चिरायची म्हणजे पुतळ्यासारखं उभं राहायचं. मला विळी बरी. हा चालेल?"

मी नखानं दाबून बघितला. दगडासारखा होता. "माई, याच्याइतकं चांगलं मुंबईतसुद्धा मिळायचं नाही."

"चला, जावई एकदाचा कामाला आला," माई म्हणाल्या. त्यांना विनोद करता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

बोर्डाची मी सुताराकडून खोबणीच्या मापाची फळी कापून घेतली, चारी बाजूंना लावायला पट्ट्या काढल्या, पाणी साचू नये म्हणून भोकं पाडली. ओटीच्या दिवशी माई आणि मी होडीत उतरलो, हातात खण, नारळ, तांदूळ. धक्क्यावर अख्खी कार्यकारिणी आमच्याकडे पाठ करून, हात जोडून उभी. ताशा वाजत होता. आम्ही खोबण पुसली, पट्ट्या बसवल्या.

"आता पुतळी द्या, माई," मी म्हटलं. "फळीच्या खाली राहिली तर तिचा उपद्रव नाही."

माईंनी माळेतून सोडवलेली पुतळी हातरुमालातून काढली. तळहातावर ठेवून बघितली. मग वाकून धक्क्यावरच्या पाठींकडे एक नजर टाकली.

"आईनं मला स्वतः ओवून दिली होती ही माळ," त्या म्हणाल्या. "मला एका शब्दानं विचारलं नाही गं यांनी." आणि त्यांनी पुतळी पुन्हा रुमालात गुंडाळून कमरेला खोचली. "ठेव ती फळी."

मी फळी ठेवली. वर लाल खण अंथरला आणि हाक मारली, "झालं हो, या!" पुरुष आले, खणाला नमस्कार करकरून त्यांनी नवी डोलकाठी उभी केली. आबासाहेबांचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर मी दर आठवड्याला तारा बघत होते. एकही ढिली पडली नाही. हात लावला की तंबोऱ्यासारख्या वाजायच्या.

शर्यतीला हिरूकाका माझ्यासोबत आले, बुडाशीच बसले. वळणाच्या बांबूपाशी वारा आला तेव्हा मी आधी डोलकाठीच्या बुडाकडे बघितलं. डोलकाठी नुसती वाकली, आणि मग आम्हाला असं ओढत घेऊन गेली की हिरूकाका लहान मुलासारखे ओरडायला लागले. पलतडची होडी मागे राहिली, मग आणखी मागे. त्यांना मलई दाखवायची माझी फार इच्छा होती. पण नारळ ओटीत गेला होता.

काठावर गुलाल उधळला. मला वाटलं होतं, आता कोणीतरी म्हणेल. निदान एवढं तरी म्हणेल, की त्या वर्षी तारा तू आवळल्या होत्यास. दोन वर्षं त्या एका वाक्यासाठी काढली होती मी.

आबासाहेब माइकवर गेले. "हा विजय कोणाचा?" त्यांनी विचारलं. हिरूकाकांनी माझ्याकडे बोट केलं, तोवर आबासाहेबांनीच सांगून टाकलं. "हा विजय सोन्याचा! माझ्या घरच्या लक्ष्मीचा, जी आत्ता या क्षणी रणरागिणीच्या पोटात बसली आहे! तांब्यानं जे झालं नाही ते सोन्यानं करून दाखवलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. खजिनदारांनी डोळे पुसले. दिगंबरांनीही टाळ्या वाजवल्या, मग माझ्याकडे बघून थांबले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. मी पहिल्या रांगेत माईंच्या शेजारी जाऊन बसले. भाषण चालूच होतं, सोनं, परंपरा, पूर्वजांचं शहाणपण. माईंनी खांद्यावरचा पदर सावकाश बाजूला केला. गळ्यात माळ होती, पुन्हा ओवलेली, एकही पुतळी कमी नाही. उन्हात ती अशी झगमगत होती की मांडवाच्या शेवटच्या रांगेतूनही दिसावी. आबासाहेबांनी भाषणाच्या ओघात त्यांच्याकडे हात केला, अगदी गळ्याकडेच, आणि म्हणाले, "हिच्या त्यागाला माझा नमस्कार!"

माईंनी खाली बघून नमस्कार स्वीकारला. त्यांचे खांदे हलत होते. आता माझ्या रागाचं हसू व्हायला लागलं आणि मी तोंडावर पदर धरला.

पुढे काही वर्षांनी आबासाहेब वारले, माईही गेल्या. डोलकाठी उभी आहे. कार्यालयाच्या भिंतीवर सुवर्णलक्ष्मीचा फलक आहे आणि होडीत चढताना नवी पोरं खाली वाकून तिच्या बुडाला हात लावतात. मला कितीदा वाटलं, एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकावं. पण त्या दिवशी मांडवात मी माईंच्या कानाशी लागून तेच विचारलं होतं.

"माई, सांगूया का यांना? आत्ता, सगळ्यांच्या समोर?"

"खुळी आहेस का," माई पुटपुटल्या, टाळ्या वाजवता वाजवता. "फळी काढतील आणि खरंच सोनं घालतील."

मग मीही टाळ्या वाजवल्या.